क्लॉन्टार्फला येऊ नका

खिसे रिकामे करा. मोबाइल, मनगटावरचं घड्याळ, पाण्याची प्लास्टिकची बाटली, सगळं इथंच राहू द्या. हातात काठी घ्यायची नाही आणि तोंडाला दारूचा वास यायला नको. हे दोन नियम माझे नाहीत, तुम्ही ज्या सभेला निघालात तिथले आहेत. एक शिलिंग मात्र जवळ असू द्या, लागेल.

तारीख 15 ऑगस्ट 1843. वार मंगळवार, पण आज कामाला कुणी गेलेलं नाही. मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण आहे. तुम्ही आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या एका रस्त्याच्या कडेला उभे आहात, डब्लिनपासून साधारण पंचवीस मैलांवर. नुकतं उजाडतंय आणि रस्ता आताच भरलाय. गाड्यांवर पेंढा टाकून त्यात अख्खी कुटुंबं रात्रभर बसून आलीत. लेकरं झोपेतच आहेत. बायका अनवाणी चालताहेत, ज्यांच्याकडे जोडे आहेत त्यांनी ते हातात घेतलेत. टेकडीजवळ पोचल्यावर घालतील. मधूनच एखाद्या गावाचा बँड जातो. हे बँड दारूबंदीवाल्यांचे. कॉर्कचे फादर मॅथ्यू 1838पासून लोकांना दारू सोडण्याची शपथ देत फिरताहेत आणि लाखोंनी ती घेतली आहे. गुत्त्यात जायचं बंद झालेल्या माणसानं संध्याकाळी करायचं काय, म्हणून गावोगाव वाद्यं आली, वाचनाच्या खोल्या आल्या. आजच्या सभेला आयते वादक मिळाले ते तिथून. आणि लाखभर माणूस जमूनही मारामारी का होत नाही, याचं निम्मं उत्तरही तिथंच आहे.

एका गाडीवरची बाई तुमच्याकडे निरखून बघते. परका माणूस दिसतोय, कुठला? हिंदुस्थानातला म्हणा. ती दचकत नाही. तिचा भाऊ कंपनीच्या पलटणीत आहे, मुंबईला. चार वर्षांत एक पत्र आलं, तेही दुसऱ्याच कुणी लिहिलेलं. "तिकडं त्याला पोटभर मिळत असेल ना हो?" ती विचारते. काय सांगाल? हो म्हणा. कंपनीच्या गोऱ्या पलटणींमध्ये आयरिश पोरांची भरती मोठी आहे, आणि ती देशप्रेमानं किंवा साहसाच्या हौसेनं झालेली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या 80 लाखांच्या वर निघाली. त्यातली दर पाचांतली जवळपास दोन कुटुंबं एका खोलीच्या मातीच्या खोपटात राहतात आणि बटाट्यावर जगतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं आहेत, पाला हिरवागार. दोन वर्षांनी या पाल्यावर काळे डाग पडतील. तुम्हाला ते ठाऊक आहे, तिला नाही. गप्प राहा.

चढाला लागा. ही ताराची टेकडी. फार उंच नाही, पण भोवती सपाट कुरणं असल्यामुळे वरून सगळा मुलूख दिसतो. एके काळी आयर्लंडच्या राजांचं हे पीठ होतं. आता गवतात बुडालेले मातीचे गोल वरवंडे आणि एक उभा दगड, एवढंच उरलंय. 1798च्या उठावात याच टेकडीवर बंडवाले कापले गेले. त्यांना पुरलेली जागा लोक बोटानं दाखवतात, तिथं गुडघे टेकतात, माती कपाळाला लावतात. सभेची जागा निवडणाऱ्यानं हे सगळं धरूनच निवडलीय. राजे आणि बंडवाले, दोघांनाही भाषणात नावानं बोलवायची गरज नाही, ते पायाखाली आहेत.

सकाळपासून उघड्यावर वेद्या मांडून पाद्री मिस्सा म्हणताहेत. लोक गवतावर गुडघे टेकून बसलेत. ते उठले की वॉर्डन मंडळी हातात दांडकी घेऊन रांगा लावतील. वॉर्डन म्हणजे रिपील असोसिएशनचा गावातला माणूस. रिपील म्हणजे रद्द करणं, आयर्लंडला लंडनशी जोडणारा कायदा रद्द व्हावा म्हणून ही संघटना. त्यातला एक तुमच्यासमोर उभा राहील. आता तो शिलिंग काढा. वर्षाला एक शिलिंग दिला की तुम्ही असोसिएट झालात. एक पौंड दिला तर मेंबर. शिलिंगाचे पेन्स बारा, म्हणजे महिन्याला एक पेनी. ही युक्ती जवळपास वीस वर्षं जुनी आहे. 1824 साली कॅथलिकांच्या हक्कांसाठी हीच महिना पेनी चर्चच्या दारात गोळा झाली होती. पेनीनं मोठा निधी उभा राहतोच, यंदाची वर्गणी सुमारे 48 हजार पौंडांवर जाईल. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की ज्यानं पेनी दिली तो चळवळीचा झाला. जमीन दुसऱ्याची, मत नाही, वाचता येत नाही, तरी वहीत त्याचं नाव आहे. ठरावीक वर्गणी जमवणाऱ्या गावाला असोसिएशन आठवड्याचं वर्तमानपत्र पाठवते. रविवारी प्रार्थनेनंतर कुणीतरी ते मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. गेल्या ऑक्टोबरात डब्लिनच्या तीन तरुणांनी 'द नेशन' सुरू केलं, त्याचा खप दहा हजारांवर गेलाय, आणि एकेक अंक किती कानांवर पडतो याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पैशाच्याच गोष्टीवरून एक सांगायचं राहील म्हणून आताच सांगतो. अमेरिकेतून, तिथं गेलेल्या आयरिशांकडूनही वर्गणी येते. त्यातली काही गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेतून. यंदाच्या मे महिन्यात या चळवळीच्या नेत्यानं गुलामगिरीवर जाहीर आसूड ओढले, वर्गणी बंद पडेल हे माहीत असून. दक्षिणेतल्या काही शाखांनी खरोखरच गाशा गुंडाळला. या माणसात फुशारकी भरपूर आहे, कोर्टातला कावेबाजपणा आहे, पण हेही आहे.

दुपार झाली. डब्लिनच्या रस्त्याकडून आवाज उठतो आणि टेकडीवर चढत येतो. हजारो घोडेस्वार, त्यांच्यामागे गाड्या, आणि त्यातल्या एका गाडीत ते बसलेत. डॅनियल ओ'कॉनेल. नुकतीच अडुसष्ट वर्षं पूर्ण झालीत. उंच, भरदार, डोक्यावर तपकिरी टोप, खांद्यावरून झगा सोडलेला. जुनी माणसं त्यांना अजून वकीलसाहेब म्हणतात, तरुण म्हणतात मुक्तिदाता. गाडीला वाट मिळत नाही. थोडंसं अंतर कापायला त्यांना कितीतरी वेळ लागतो. लोक हात लावून बघताहेत.

केरी परगण्यातल्या समुद्रकाठचा हा मुलगा. घरात आयरिश बोलत वाढला. कॅथलिक असल्यामुळे शिक्षणाला फ्रान्सला पाठवला, आणि तिथं क्रांतीत सापडला. जानेवारी 1793मध्ये ज्या दिवशी राजाचं डोकं उडवलं त्याच सुमारास तो पळून निघाला. रस्त्यावरचं रक्त त्यानं आयुष्यभर मनातून पुसलं नाही. 1798 साली तो वकील झाला, त्याच वर्षी आयर्लंडमध्ये उठाव होऊन हजारो मेले. दोन वर्षांनी उठावाचा परिणाम म्हणून डब्लिनची पार्लमेंटच गुंडाळली गेली, 1 जानेवारी 1801पासून आयर्लंड लंडनला जोडला गेला आणि पार्लमेंटची इमारत बँकेला विकली. या जोडणीच्या विरोधातच त्याचं पहिलं जाहीर भाषण झालं होतं, 1800 साली. 1815मध्ये द्वंद्वयुद्धात त्याच्या गोळीनं एक माणूस मेला. त्यानंतर म्हणतात की प्रभुभोजनाला जाताना तो त्या हातात काळा मोजा घालायचा, आणि मेलेल्याच्या मुलीला वर्षासन देत राहिला. हिंसेला त्याचा विरोध आहे तो पोथीतला नाही.

आता मंचाकडे सरकू नका, मागंच थांबा. मला तुम्हाला मागचीच जागा दाखवायची आहे.

ते बोलायला उभे राहतात. आवाज दांडगा आहे, कोर्टात कमावलेला. पण टेकडीवर ध्वनिक्षेपक नाही. पहिल्या काही हजारांना शब्द कळतो. त्यांच्या मागच्यांना सूर कळतो. आणि तुम्ही जिथं आहात तिथं काहीच कळत नाही. पुढून टाळ्यांची लाट येते, की तुमच्या शेजारचा म्हातारा टोपी हवेत फेकतो. "काय म्हणाले, आजोबा?" तुम्ही विचारता. "पुढच्या रविवारी कळेल," तो म्हणतो आणि हसतो. त्याला वाईट वाटलेलं नाही. तो ऐकायला आलेलाच नाही, मोजला जायला आलाय.

पुढच्या रविवारी त्याला काय कळेल ते मी सांगतो. जोडणीचा कायदा न्यायानं रद्दबातलच आहे. राणी आपलीच आहे, व्हिक्टोरियाचा जयजयकार करा. आपल्याला वेगळं राज्य नको, आपली पार्लमेंट डब्लिनला परत हवी. इंग्रजांच्या कोर्टात जाऊ नका, आपसांतले तंटे आपल्या पंचांपुढे सोडवा, आम्ही पंच नेमतो आहोत. कुणावर दगड उचलू नका, जो गुन्हा करतो तो शत्रूच्या हाती शस्त्र देतो. आणि पार्लमेंट परत येईल, लवकरच. हा 'लवकरच' दर सभेत थोडा जवळ येत चाललाय.

ओ'कॉनेलची बढाई अशी की पार्लमेंटच्या कुठल्याही कायद्यातून मी सहा घोड्यांची गाडी हाकून नेईन. आज टेकडीवर तीच गाडी धावतेय. सभा घेणं गुन्हा नाही. अर्ज करणं गुन्हा नाही. वर्गणी देणं, बँड वाजवणं, तंटा मिटवणं, राणीला तीन वेळा जयजयकार देणं, यातला एकही गुन्हा नाही. ते सगळं एकत्र करून एवढी माणसं इतक्या शिस्तीत उभी केली की त्याचं काय होतं, हे कायद्यात लिहिलेलं नाही. लंडनच्या 'टाइम्स'नं या सभांना राक्षसी म्हटलं. माझ्या मते त्यांना बोचत होता तो आकार नव्हे. दंगा झाला असता तर घोडदळ पाठवता आलं असतं. इथं संध्याकाळपर्यंत एक कुंपणही मोडत नाही. टॉम स्टील नावाचे क्लेअरचे एक प्रोटेस्टंट जमीनदार 'मुख्य शांतिरक्षक' असं भारदस्त पद मिरवत गर्दीतून फिरतात. लोक त्यांना थोडं हसतात आणि त्यांचं ऐकतात.

किती माणसं होती? 'नेशन' साडेसात लाख म्हणेल, 'टाइम्स'ही मागं हटणार नाही, दहा लाखांची भाषा करेल. दोन्ही आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. सगळ्या मीथ परगण्याची वस्ती दोन लाखांहून कमी आहे. पण तुम्ही टेकडीवरून बघताय, क्षितिजापर्यंत डोकी आहेत. त्या क्षणी आकडा विचारावासा वाटत नाही, हे मलाही मान्य आहे, आणि नेत्याचीही पंचाईत तिथंच झाली. उन्हाळाभर असं क्षितिज बघणाऱ्या माणसाला वाटू लागतं की याला नाही म्हणेल कोण?

नाही म्हणणारे दोघं लंडनला बसलेत, आणि दोघांना ओ'कॉनेल चांगला ओळखतो. पंतप्रधान रॉबर्ट पील. त्यांना हा तरुणपणापासून डिवचत आलाय. 1815मध्ये या दोघांचंही द्वंद्वयुद्ध होता होता राहिलं. आणि सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तुम्हाला हे नाव वेगळ्या वाटेनं ठाऊक असेल, 1803 साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला तो आर्थर वेलस्ली हाच. जन्म डब्लिनचा. 1828मध्ये ओ'कॉनेल क्लेअरच्या पोटनिवडणुकीत उभा राहिला आणि निवडून आला, कॅथलिक माणसाला पार्लमेंटमध्ये बसायची बंदी असताना. तेव्हा वेलिंग्टन पंतप्रधान होता, पील गृहमंत्री. यादवी होईल या भीतीनं दोघांनी 1829मध्ये माघार घेतली आणि कॅथलिकांना दार उघडलं. (त्याच दमात चाळीस शिलिंगांच्या जमिनीवर मत देणाऱ्या गरीब कुळांची मतंही काढून घेतली. ज्यांनी लढाई जिंकली तेच बाहेर राहिले. आज टेकडीवर त्यांतले पुष्कळ आहेत.)

ओ'कॉनेलचं गणित साधं आहे. चौदा वर्षांपूर्वी हीच दोन माणसं वाकली, पुन्हा वाकतील. गणित चुकतंय. कॅथलिकांच्या हक्कांबाबत इंग्लंडमध्येच दोन तट होते, निम्मी पार्लमेंट त्यांच्या बाजूची होती. आयर्लंडला वेगळी पार्लमेंट द्यायला आयरिश सभासदांपलीकडे जवळपास कुणीही तयार नाही. पील यांनी मे महिन्यातच सांगून टाकलंय की यादवी वाईट, पण साम्राज्य तुटणं त्याहून वाईट. यावर ओ'कॉनेलनं 11 जूनला मॅलो गावी जे भाषण ठोकलं त्यात पहिल्यांदा धार आली: कदाचित लवकरच गुलाम म्हणून जगायचं की मोकळे म्हणून मरायचं हे ठरवावं लागेल, आणि मला तुडवायचं असेल तर माझं प्रेत तुडवावं लागेल. पहिला वार आपण करायचा नाही, हेही होतंच. पण ऐकणाऱ्याच्या लक्षात काय राहिलं असेल ते तुम्हीच ओळखा.

संध्याकाळच्या मंडपातल्या जेवणाला थांबू नका. टेकडी उतरा, आपल्याला ऑक्टोबर गाठायचाय.

वाटेत 1 ऑक्टोबरला मुलामास्टच्या सभेत क्षणभर थांबू. शिल्पकार जॉन होगन ओ'कॉनेलच्या डोक्यावर हिरव्या मखमलीची टोपी चढवतोय. तिचा घाट मुकुटाचा आहे. गर्दी वेडी होते. मंचाजवळ एक माणूस मान खाली घालून भराभर लघुलेखन करतोय. तो वार्ताहर नाही, सरकारनं पाठवलाय. त्याची वही कोर्टात निघेल.

शनिवार, 7 ऑक्टोबर 1843. डब्लिन. उद्याची सभा वर्षातली शेवटची आणि राजधानीच्या दारात, उपसागराच्या उत्तर किनाऱ्यावर क्लॉन्टार्फला. शहरापासून तीन मैल. इथं 1014 साली ब्रायन बोरूनं उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांचा मोड केला, असं प्रत्येक पोराला पाठ आहे. लिव्हरपूल, मँचेस्टरचे आयरिश मजूर बोटी भरून येऊन पोचलेत. खेड्यापाड्यांतून लोक कालच चालायला लागलेत. पण उपसागरात लढाऊ जहाजं उभी आहेत, आणि पिजन हाउस किल्ल्याच्या तोफांची तोंडं सभेच्या मैदानाकडे आहेत. सभेच्या जाहिरातीत कुणा उत्साही माणसानं घोडेस्वारांच्या 'दला'ची, त्यांनी कुठं कसं जमायचं त्याची फौजी भाषा वापरली. ओ'कॉनेलच्या लक्षात आल्यावर मजकूर बदलला, पण सरकारला हवं ते निमित्त मिळालं.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला भिंतींवर जाहीरनामा चिकटतो. सभेला बंदी. दिवस लहान झालेत, दोन-अडीच तासांत अंधार पडेल. सकाळी हजारो माणसं बंदुकांसमोर येऊन उभी राहणार, आणि त्यातल्या बहुतेकांना बंदी आहे हेच माहीत नसणार. एवढा उशीर मुद्दाम केला, रक्त सांडावं म्हणूनच केला, असं ओ'कॉनेल पुढं म्हणत राहिले. मुद्दाम असो की गोंधळ, परिणाम तोच होता.

लिफी नदीच्या काठच्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये शिरा. असोसिएशनची बैठक चाललीय. इथं तुम्हाला मागं उभं राहायची गरज नाही, खोली लहान आहे. कुणीतरी सुचवतं की जाऊ या, बघू काय करतात. ओ'कॉनेल ऐकून घेत नाहीत. ते पत्रक सांगू लागतात आणि कुणीतरी लिहून घेतं: सभा होणार नाही, सरकारचा हुकूम बेकायदा असला तरी पाळा, घरी परत जा, क्लॉन्टार्फला येऊ नका. शाई वाळायच्या आत छापखान्याकडे माणूस धावतो. स्वार डब्लिनच्या प्रत्येक रस्त्यावर सुटतात. मंच बांधणाऱ्याला सांगावा जातो, रातोरात फळ्या उतरव. पाद्री, वॉर्डन, बँडवाले, वर्गणी गोळा करणारे, सगळी साखळी कामाला लागते.

एका स्वारामागं बसून शहराबाहेर चला. काळोखात गाड्यांची रांग लागलीय, कंदील हलताहेत. स्वार ओरडतो. गाडी थांबते. पुरुष खाली उतरतात, पत्रक कंदिलाजवळ धरतात, ज्याला वाचता येतं तो वाचतो. पुष्कळ शिव्या पडतात, पीलला, राणीच्या लॉर्डांना, एखादी दबक्या आवाजात वकीलसाहेबांनाही. मग घोड्याचं तोंड फिरवलं जातं. तारावर ज्या माणसांना त्यांचा एक शब्द ऐकू आला नव्हता, त्यांच्यापर्यंत आज रात्री शब्द पोचतोय, आणि ते तो मानताहेत. वीस वर्षं पेनी पेनी करून जी यंत्रणा उभी केली तिची एवढी कसोटी पूर्वी कधी लागली नव्हती.

रविवारी सकाळी क्लॉन्टार्फला पायदळ, घोडदळ, तोफा शिस्तीत उभ्या आहेत. समोर शत्रू नाही. टॉम स्टील येणाऱ्या-जाणाऱ्याला घरी जा, घरी जा म्हणत फिरताहेत. बघे जमतात, शिपायांकडे बघतात, परत जातात. एकही गोळी सुटत नाही.

लिव्हरपूलहून आलेला एक गोदी कामगार कठड्यावर बसून पाव खातोय. त्याच्याशी बोला. तिकिटाचे पैसे त्यानं उसने घेतलेत. "माझं प्रेत तुडवा म्हणाला होता," तो म्हणतो. "आम्ही काय त्याचं प्रेत मागितलं होतं? सभा मागितली होती." दुसरा एक जण त्याला सांगतो की आज तुझी बायको विधवा झाली नाही, घरी जाऊन तिला विचार. दोघांची जुंपते. हा वाद पुढं शंभर वर्षं मिटला नाही. मला विचाराल तर त्या रात्री ओ'कॉनेलना दुसरं काही करताच आलं नसतं, आणि जे त्यांनी केलं ते हिमतीचं काम होतं. पण जूनमध्ये मॅलोला ते तसं बोलले नसते तर ऑक्टोबरात त्यांना तोंड लपवायची पाळी आली नसती. ज्या गर्दीच्या नुसत्या असण्याची सरकारला धास्ती होती, ती काही करणार नाही हे रविवारी सकाळी सरकारला दिसलं. पील यांच्या दृष्टीनं राक्षस तिथंच मेला.

आठवड्यात अटक झाली: कट केल्याचा आरोप, ओ'कॉनेल, त्यांचा मुलगा जॉन, स्टील, 'नेशन'चे डफी आणि आणखी काही जण. कटाचं वैशिष्ट्य असं की तो लाखो लोकांसमोर, बँड लावून केला गेला होता. ज्यूरीच्या यादीतलं एक पान गहाळ झालं, आणि बारा ज्यूरींत एकही कॅथलिक उरला नाही. मे 1844मध्ये शिक्षा झाली, ओ'कॉनेलना एक वर्ष कैद आणि दोन हजार पौंड दंड. तुरुंगात मात्र मंडळी अधिकाऱ्यांच्या घरात राहिली, बागेत फिरली, भेटायला रीघ लागली. या कैदेचं फार कौतुक करायला नको.

शेवटची उडी, 7 सप्टेंबर 1844. तीन दिवसांपूर्वी लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केली. काल संध्याकाळी ओ'कॉनेल तुरुंगातून सुटून मेरियन स्क्वेअरच्या घरी चालत गेलेसुद्धा. पण मिरवणूक व्हायची होती ना! म्हणून आज सकाळी ते परत तुरुंगात जाऊन बसले आणि आता रीतसर बाहेर येताहेत. मजल्यामजल्यांचा उंच, जांभळा-सोनेरी रथ, त्याच्या टोकावर ते. पोकळ दिमाखाची त्यांना हौस आहे खरी. गर्दी अफाट, ढोल, झेंडे, खिडक्याखिडक्यांतून रुमाल. रथ कॉलेज ग्रीनला जुन्या पार्लमेंटच्या, म्हणजे आताच्या बँकेच्या समोर येतो. ते रथ थांबवतात आणि इमारतीकडे बोट करतात. असा गजर होतो की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही.

या जल्लोषात तुम्हाला थोडं पुढचं ठाऊक आहे. पुढच्या वर्षी बटाटा सडेल. 1846मध्ये 'नेशन'चे तरुण, कुठल्याही परिस्थितीत शस्त्र नाही अशी शपथ घ्यायला नकार देऊन, असोसिएशनमधून उठून जातील. फेब्रुवारी 1847मध्ये ओ'कॉनेल लंडनच्या पार्लमेंटमध्ये उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी बोलायला उभे राहतील, तेव्हा जवळच्या बाकांनाही ऐकू जाणार नाही इतका तो आवाज खोल गेलेला असेल. त्याच मे महिन्यात, रोमच्या वाटेवर, जेनोआत ते जातील.

पण आज ते रथावर आहेत, आणि तुमच्या बाजूच्या दिव्याच्या खांबावर विशीतला एक पोरगा चढून बसलाय. तो खाली वाकून, जो ऐकेल त्याला विचारतोय: कोर्टानं सोडलं, आता क्लॉन्टार्फची राहिलेली सभा कधी? खालचा वॉर्डन म्हणतो, सोमवारी असोसिएशनच्या बैठकीत ठरेल. सोमवार आला, बैठक झाली, वर्गणी मोजली गेली, भाषणंही झाली. ती सभा कुणी पुन्हा बोलावली नाही.